स्वयंसेवकांना अधिकृत मान्यता: प्रमाणपत्र नेमके कशाचे?

गावोगावी 'आशाताई' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्त्रीच्या पदनामातच 'मान्यताप्राप्त' हा शब्द आहे, हे सहसा लक्षात येत नाही. 'आशा' हे 'अ‍ॅक्रेडिटेड सोशल हेल्थ अ‍ॅक्टिव्हिस्ट' या इंग्रजी नावाचे लघुरूप. त्यातल्या पहिल्या शब्दाला मराठीत 'अधिस्वीकृत' म्हणतात. पत्रकारांना शासन जे अधिस्वीकृतीपत्र देते, त्यामुळे हा शब्द आपल्याकडे रुळला आहे. महाराष्ट्राच्या शासकीय कागदपत्रांत मात्र हीच स्त्री 'आशा स्वयंसेविका' असते. इंग्रजी नावात मान्यता आणि मराठी नावात स्वयंसेवा, असा हा प्रकार आहे.

हा फरक केवळ भाषांतराचा नाही. स्वयंसेवकाला प्रशिक्षण दिले, परीक्षा घेतली, ओळखपत्र दिले, ठरावीक काम ठरावीक पद्धतीने करण्याची जबाबदारी दिली, तर तो अजून स्वयंसेवकच राहतो की एका व्यवसायाचा भाग होतो? जगभरातल्या सेवाभावी संस्था आणि सरकारे या प्रश्नाशी झगडत आहेत. भारतात त्याचे सर्वांत मोठे उदाहरण आशांचे आहे. या कामातल्या स्त्रियांची संख्या सुमारे १० लाख आहे.

एकच कागद, वेगवेगळे अर्थ

स्वयंसेवकाला मिळणाऱ्या प्रमाणपत्रांकडे नीट पाहिले, तर त्यांत तीन अगदी वेगळ्या गोष्टी लिहिलेल्या आढळतात.

काही प्रमाणपत्रे हजेरीची असतात. राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे महाविद्यालयातली 'एनएसएस', १९६९ साली गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी ३७ विद्यापीठांत सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास सेवा आणि एक विशेष शिबिर पूर्ण केले की विद्यार्थ्याला प्रमाणपत्र मिळते. त्याने इतका वेळ दिला, हे त्यातून सिद्ध होते. त्या वेळात तो काय शिकला, हे त्यातून कळत नाही आणि तसा दावाही कुणी करत नाही.

काही प्रमाणपत्रे क्षमतेची असतात. सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्सचे प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र घ्या. तिथे परीक्षा असते, पट्टी बांधून दाखवावी लागते, आणि प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची असते. नंतर पुन्हा प्रशिक्षण घ्यावे लागते. ही मुदत महत्त्वाची आहे. हजेरी लावली ती कायमची लागते, पण हातातले कौशल्य वापराविना जाते. म्हणून क्षमतेच्या प्रमाणपत्रावर मुदत असणे हे सहसा ते गंभीरपणे दिले जात असल्याचे लक्षण मानावे.

तिसरा प्रकार अधिकाराचा. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २००९ साली 'पॅरालीगल व्हॉलंटियर' म्हणजे विधी स्वयंसेवकांची योजना आणली. शिक्षक, निवृत्त कर्मचारी, अंगणवाडी सेविका, विद्यार्थी, इतकेच नव्हे तर दीर्घ शिक्षा भोगणारे सुशिक्षित कैदीही त्यात निवडले जाऊ शकतात. प्रशिक्षणानंतर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण त्यांना ओळखपत्र देते. त्या ओळखपत्राच्या आधारे ते विधी साहाय्य केंद्रात बसतात, तुरुंगात जाऊन कैद्यांची विचारपूस करतात, पोलीस ठाण्यात अडकलेल्या माणसाला वकील कसा मिळेल ते सांगतात. वकिली मात्र ते करू शकत नाहीत. गैरवर्तन केल्यास, किंवा एखाद्या राजकीय पक्षाचे सक्रिय सदस्य झाल्यास, त्यांना काढून टाकण्याची तरतूद योजनेतच आहे. या ओळखपत्रामुळे कुठे जाता येईल आणि काय करता येईल हे ठरते. ते काढूनही घेता येते, म्हणून त्याला वजन आहे.

गोंधळ होतो तो हे तीन अर्थ एकमेकांत मिसळले की. हजेरीचे प्रमाणपत्र हातात असलेला स्वयंसेवक क्षमतेचा दावा करतो. क्षमता असलेल्याला अधिकार नसतो, म्हणून सरकारी दारात कुणी उभे करत नाही. संस्थाही एका रंगीत कागदावर सगळ्यांची बोळवण करतात.

या तिन्हींपेक्षा वेगळा एक प्रश्न आहे, तो दर्जाचा: हा माणूस कायद्याच्या नजरेत कोण? कामगार, कर्मचारी, की फक्त भला माणूस? याचे उत्तर बहुतेक प्रमाणपत्रांत नसतेच.

जामखेड ते गडचिरोली

आरोग्य स्वयंसेवकांच्या मान्यतेचा भारतातला इतिहास महाराष्ट्राला वगळून सांगता येत नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तेव्हाच्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या जामखेडला काम सुरू केले. गावानेच निवडलेल्या स्त्रियांना त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले. त्यांपैकी अनेक जणी दलित समाजातल्या होत्या, अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांचे शिक्षण एकदा वर्ग घेऊन संपले नाही. त्या नियमितपणे जामखेडला येत, गावातले प्रश्न सांगत, एकमेकींकडून शिकत आणि परत जात. त्यांच्याकडे सरकारमान्य पदवी नव्हती. गावाने त्यांना मानले ते त्यांच्या हातून सुखरूप झालेल्या बाळंतपणांमुळे. याच कामासाठी आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

याच सुमारास केंद्र सरकारनेही असा प्रयोग देशभर करून पाहिला. २ ऑक्टोबर १९७७ रोजी सुरू झालेल्या योजनेत हजार लोकसंख्येमागे एक व्यक्ती निवडायची, तिला तीन महिने प्रशिक्षण द्यायचे, औषधांची पेटी द्यायची आणि दरमहा ५० रुपये मानधन द्यायचे, असे ठरले. या माणसाचे नाव आधी 'कम्युनिटी हेल्थ वर्कर' होते. काही वर्षांतच ते 'कम्युनिटी हेल्थ व्हॉलंटियर' झाले आणि मग 'व्हिलेज हेल्थ गाइड'. काम तेच, मानधन तेच. 'वर्कर' हा शब्द मात्र गेला तो गेलाच. पुढे योजना रखडत गेली आणि बंद पडली. निवडलेल्यांत पुरुषांचे प्रमाण मोठे होते, त्यामुळे बाळंतिणी आणि तान्ह्या मुलांपर्यंत ती पोहोचलीच नाही, ही तिच्यावरची एक मुख्य टीका होती.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने स्वयंसेवकाच्या क्षमतेचा प्रश्न शास्त्रीय कसोटीवर लावला. ३९ गावांतल्या स्त्रियांना 'आरोग्यदूत' म्हणून प्रशिक्षण दिले गेले. नवजात बाळाचे वजन घेणे, ताप मोजणे, श्वासाची गती मोजणे, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे, आणि गरज पडल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे हेही त्यांना शिकवले. या गावांतला नवजात मृत्युदर तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी कमी झाला. हा अभ्यास 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला.

थोडे शिकलेली गावातली स्त्री हे काम करू शकते, हे त्यातून सिद्ध झाले. पण ते तिला करू द्यायचे की नाही, हा वेगळा प्रश्न होता. नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याची हीच पद्धत २०११ पासून आशांच्या कामात आली, तेव्हा त्यातले इंजेक्शन वगळले गेले. आशाने लक्षणे ओळखायची, तोंडाने देण्याचे औषध द्यायचे आणि बाळाला पुढे पाठवायचे. इंजेक्शन देण्याची मुभा परिचारिकेला. सावधगिरी म्हणून हा निर्णय समजण्यासारखा आहे. क्षमता आणि अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी कशा, हे मात्र याहून स्पष्टपणे दाखवणारे उदाहरण सापडणे कठीण.

आशांची परीक्षा

आशा योजना राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर एप्रिल २००५ मध्ये आली. छत्तीसगडमध्ये २००२ पासून चाललेला 'मितानिन' कार्यक्रम तिच्यापुढे होता. सर्वसाधारणपणे हजार लोकसंख्येमागे एक आशा. ती त्याच गावात राहणारी, २५ ते ४५ वयोगटातली, विवाहित, विधवा, घटस्फोटित किंवा परित्यक्ता असावी, असा निकष. सुरुवातीचे प्रशिक्षण २३ दिवसांचे, टप्प्याटप्प्याने द्यायचे. नंतर नवजात बाळाची काळजी आणि इतर कौशल्यांसाठी आणखी २० दिवसांची भर पडली.

नावात 'अधिस्वीकृत' असले, तरी सुरुवातीची अनेक वर्षे त्या अधिस्वीकृतीमागे कोणतीही बाहेरची परीक्षा नव्हती. प्रशिक्षण झाले की आशा तयार झाली, असे धरले जाई. एका जिल्ह्यात ते नीट होई, दुसऱ्यात दिवस भरले जात. ही उणीव भरून काढण्यासाठी आरोग्य मंत्रालय, राष्ट्रीय आरोग्य प्रणाली संसाधन केंद्र आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था ('एनआयओएस') यांनी मिळून प्रमाणीकरणाची पद्धत आखली.

या पद्धतीतली सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे ती आशेपासून सुरू होत नाही. आधी प्रशिक्षण केंद्राची तपासणी होते. मग प्रशिक्षकांना परीक्षा द्यावी लागते. ते उत्तीर्ण झाले की त्यांनी शिकवलेल्या आशांची पाळी येते: उजळणीचे प्रशिक्षण, अंतर्गत मूल्यमापन, लेखी परीक्षा आणि प्रात्यक्षिक. प्रात्यक्षिकात हात धुण्याची पद्धत, बाळाचे वजन, तापमान, श्वासमोजणी अशा गोष्टी करून दाखवाव्या लागतात. ज्या केंद्रात शिकवणाराच कच्चा आहे, तिथल्या शिकणारीला नापास करण्यात काही न्याय नसतो, हे इथे ओळखलेले दिसते. अनेक स्वयंसेवी संस्थांची प्रमाणपत्रे इथेच लंगडी पडतात. तिथे स्वयंसेवकाची परीक्षा होते, पण परीक्षा घेणाऱ्याची कधीच होत नाही.

प्रमाणीकरणाच्या हेतूंमध्ये कामाची गुणवत्ता, आशेचा आत्मविश्वास आणि पुढच्या संधी यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट आहे. ठरावीक सेवा आणि ठरावीक औषधे देण्याबाबत तिला कायदेशीर आधार मिळावा, ही ती गोष्ट. आशेच्या पेटीत औषधे असतात. तिने दिलेल्या गोळीनंतर एखादा रुग्ण दगावला, तर प्रश्न तिलाच विचारला जाणार. ती काय शिकली आणि तिला काय करण्याची मुभा होती, याची बाहेरच्या यंत्रणेने केलेली नोंद अशा वेळी उपयोगी पडू शकते. काही राज्यांनी परिचारिका अभ्यासक्रमांत आशांना प्राधान्यही दिले आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सामुदायिक आरोग्य कार्यकर्त्यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांना क्षमतेवर आधारित औपचारिक प्रमाणपत्र द्यावे, त्याने कामाची गुणवत्ता, उमेद आणि नोकरीच्या शक्यता वाढतात, असे त्यात सुचवले आहे. मात्र त्यामागचा पुरावा अगदीच तुटपुंजा असल्याचेही संघटनेने स्वतःच नोंदवले आहे. दुसरी शिफारस जास्त ठाम आहे: कामाच्या प्रमाणात योग्य आर्थिक मोबदला द्यावा आणि तो पूर्णपणे किंवा मुख्यतः कामाच्या नगावर अवलंबून ठेवू नये.

भारतात नेमके उलटे आहे. आशेचा मोबदला मुळात नगावर ठरतो. जन्मलेल्या बाळाच्या घरी ४२ दिवसांत सहा भेटी (बाळंतपण घरी झाले असेल तर सात) पूर्ण केल्या की २५० रुपये. नियमित कामांसाठीची ठरावीक रक्कम वेगळी. ती २०१८ मध्ये दरमहा १,००० वरून २,००० रुपये झाली. राज्ये आपल्याकडून भर घालतात. महाराष्ट्रात आशा आणि त्यांच्या गटप्रवर्तकांनी जून २०२१ मध्ये, करोनाची दुसरी लाट ओसरत असताना, संप केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये पुन्हा केला. त्यानंतर २०२४ मध्ये राज्य सरकारने आपल्या निधीतून दरमहा ५,००० रुपयांची वाढ दिली. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या महासंचालकांनी भारतातल्या सर्व आशांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला होता. म्हणजे दोन संपांच्या मध्ये एक जागतिक सन्मान.

मान्यता मिळाली की हक्क मिळतो का?

थेट उत्तर: नाही. प्रशिक्षण, प्रमाणपत्र, गणवेश आणि ओळखपत्र यांतून कायद्याने कामगार असण्याचा दर्जा आपोआप मिळत नाही.

ब्रिटनमधला एक निकाल या बाबतीत बोलका आहे. तिथे 'सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस' ही नागरिकांना मोफत सल्ला देणारी धर्मादाय यंत्रणा मोठ्या प्रमाणात स्वयंसेवकांवर चालते आणि सल्ला देण्याआधी त्यांना रीतसर प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. मिड ससेक्स इथल्या शाखेतल्या एका स्वयंसेविकेने, एचआयव्हीबाधित असल्यामुळे आपल्याला काम थांबवायला सांगितले गेले, अशी तक्रार केली. तिने प्रशिक्षण पूर्ण केले होते, ती नियमित सल्ला देत होती. पण तिने सही केलेल्या करारात हा करार फक्त नैतिक बंधनाचा आहे, कायदेशीर नाही, असे लिहिलेले होते. डिसेंबर २०१२ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की नोकरीतल्या भेदभावापासून संरक्षण देणारा कायदा अशा स्वयंसेवकाला लागू होत नाही. तक्रार खरी की खोटी, हा प्रश्न त्यामुळे उरलाच नाही. दारच बंद झाले.

भारतात न्यायालयांनी अधलेमधले मार्ग काढले आहेत. होमगार्ड ही संघटना १९४६ मध्ये मुंबईत, दंगलींच्या काळात पोलिसांना मदत म्हणून मोरारजी देसाई यांनी उभी केली. कायद्याने होमगार्ड हा स्वयंसेवक. पण बंदोबस्त, निवडणुका, वाहतूक या कामांत तो पोलिसांच्या शेजारी उभा असतो. मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने होमगार्डना कायम करण्याची मागणी मान्य केली नाही. मात्र ३० दिवस काम केले तर पोलीस कर्मचाऱ्याच्या किमान वेतनाइतकी रक्कम होईल, असा दैनिक भत्ता देण्यास राज्यांना सांगितले. अंगणवाडी सेविकांच्या बाबतीतही तसेच. २००६ मध्ये न्यायालयाने त्यांचे पद शासकीय पद नसल्याचे म्हटले. एप्रिल २०२२ मध्ये मात्र १९७२ च्या कायद्याखाली त्यांना आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचा निकाल दिला. 'मानधन' हा शब्द वापरला म्हणून ती रक्कम वेतन ठरत नाही, हा युक्तिवाद तिथे टिकला नाही.

मे २०१३ मध्ये झालेल्या ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने आशा, अंगणवाडी सेविका आणि शालेय पोषण आहार शिजवणाऱ्या स्त्रियांना स्वयंसेवक न म्हणता कामगार मानावे, अशी शिफारस केली होती. आशा संघटनांच्या निवेदनांत ती शिफारस आजही उद्धृत होते.

शेजारच्या दोन देशांनी दोन टोके गाठली. पाकिस्तानात १९९४ मध्ये सुरू झालेल्या 'लेडी हेल्थ वर्कर' कार्यक्रमात प्रशिक्षण १५ महिन्यांचे, त्यातले तीन महिने वर्गात. तिथल्या स्त्रियांनी न्यायालयीन आणि रस्त्यावरची लढाई देऊन २०१० मध्ये किमान वेतन आणि नंतरच्या काही वर्षांत सरकारी सेवेत नियमित स्थान मिळवले. नेपाळमध्ये १९८८ पासून काम करणाऱ्या सुमारे ५० हजार महिला आरोग्य स्वयंसेविका मात्र स्वयंसेविकाच राहिल्या आहेत. पगाराऐवजी प्रतिष्ठा, साडी, ओळखपत्र, भत्ते आणि दरवर्षी ५ डिसेंबरला, म्हणजे आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिनी, सन्मान. पगार सुरू झाला की गावाने दिलेले मानाचे स्थान जाईल, सरकारी माणूस समजले जाईल, अशी भीती या विषयावरच्या चर्चेत नेहमी मांडली जाते. ती अगदीच निराधार नाही. पण ती बहुतेक वेळा पगारदार माणसांकडून मांडली जाते.

परीक्षा कुणाला बाहेर काढते?

प्रमाणीकरणाची एक बाजू क्वचित बोलली जाते. परीक्षा आली की जे ती देऊ शकत नाहीत ते गळतात. चीनमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून गाजलेल्या 'अनवाणी डॉक्टरां'चे १९८५ मध्ये हेच झाले. ती उपाधी रद्द झाली. परीक्षा उत्तीर्ण झालेले 'गावचे डॉक्टर' ठरले, उरलेल्यांना मदतनिसाच्या पायरीवर राहावे लागले किंवा काम सोडावे लागले. रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी हे योग्यच होते, असे म्हणता येते. वर्षानुवर्षे डोंगरातल्या वस्त्यांवर काम केलेल्या माणसांना मात्र ते तसे वाटले नसेल.

जामखेडच्या पहिल्या पिढीतल्या निरक्षर कार्यकर्त्यांना आजच्या लेखी परीक्षेला बसवले असते, तर निकाल काय लागला असता, याचा अंदाज बांधता येतो. आशा निवडीसाठीची शिक्षणाची अट सुरुवातीला आठवी होती, ती पुढे दहावीपर्यंत गेली. आदिवासी भागात ती शिथिल करावी लागते, कारण नाहीतर त्या वस्तीची भाषा बोलणारी स्त्रीच मिळत नाही. म्हणून लेखीपेक्षा प्रात्यक्षिकाला महत्त्व, तोंडी परीक्षेची सोय, आणि नापास झाल्यास पुन्हा संधी, या तीन गोष्टी नसतील तर अशी परीक्षा गरिबातल्या गरीब स्वयंसेवकांनाच आधी बाहेर टाकते.

माणसाला की संस्थेला?

काही ठिकाणी प्रमाणपत्र माणसाऐवजी संस्थेला दिले जाते. ब्रिटनमधले 'इन्व्हेस्टिंग इन व्हॉलंटियर्स' हे मानांकन तपासते की संस्था स्वयंसेवकांची निवड कशी करते, त्यांना काय शिकवते, त्यांचा खर्च परत देते का, तक्रार कुणाकडे करायची ते सांगते का. स्वयंसेवकाला वैयक्तिक कागद यातून मिळत नाही, पण त्याच्याशी होणारी वागणूक सुधारते. मुलांमध्ये किंवा आजारी माणसांमध्ये काम करायचे असेल, तर तिथे गुन्ह्यांच्या नोंदींची सरकारी तपासणी करावी लागते आणि स्वयंसेवकांसाठी ती मोफत असते. आपल्याकडे असे काम करणाऱ्या अनेक संस्था पोलीस पडताळणी करून घेतात. पण ती किती काटेकोर असावी, हे बऱ्याचदा संस्थेच्या मर्जीवर राहते.

जर्मनीत 'युलाइका' नावाचे कार्ड आहे. युवक मंडळांत, शिबिरांत मुलांचे गट सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांना ते मिळते. मुलांची जबाबदारी, कायदा, गट हाताळणे यांचे प्रशिक्षण आणि प्रथमोपचाराचे ज्ञान लागते. मुदत तीन वर्षे. कार्ड देशभर चालते आणि अनेक गावांत त्यावर पोहण्याचा तलाव, चित्रपटगृह अशा ठिकाणी सवलत मिळते. तलावाचे तिकीट स्वस्त होणे ही क्षुल्लक बाब वाटेल. पण एका संस्थेने दिलेला कागद दुसऱ्या कुणीतरी, काहीही न विचारता, मान्य करतो. मान्यतेचा व्यवहारातला अर्थ हाच आहे.

भारतात याला सर्वांत जवळचे उदाहरण कारखान्यातले आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमात दर १५० कामगारांमागे प्रथमोपचाराची किमान एक पेटी हवी आणि ती राज्य सरकारने मान्य केलेले प्रथमोपचार प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या ताब्यात हवी, अशी तरतूद होती. त्यामुळे स्वयंसेवक म्हणून घेतलेले प्रथमोपचाराचे मान्यताप्राप्त प्रमाणपत्र नोकरीतही चाले, कारण कायद्यानेच त्याला गिऱ्हाईक निर्माण केले होते. आपत्कालीन मदतीतही तशी शक्यता आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या 'आपदा मित्र' योजनेत २०१६ पासून आधी ३० पूरप्रवण जिल्ह्यांत आणि नंतर ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक तयार करण्याचे ठरले. १२ दिवसांचे प्रशिक्षण, प्रमाणपत्र, ओळखपत्र आणि साहित्याचा संच अशी ही रचना आहे. महापुरात बोट चालवणाऱ्या अशा तरुणाचे प्रमाणपत्र पुढे अग्निशमन दलाच्या भरतीत किती मोजले जाते, यावर त्याची खरी किंमत ठरेल.

स्वयंसेवकाने आणि संस्थेने काय पाहावे?

प्रशिक्षणाला नाव नोंदवण्याआधी काही साधे प्रश्न विचारावेत. प्रमाणपत्र कोण देणार: संस्था स्वतः, की बाहेरची परीक्षा घेणारी यंत्रणा? हे प्रमाणपत्र दुसरी कोणती संस्था, विद्यापीठ किंवा सरकारी कार्यालय मान्य करते? त्यावर मुदत आहे का? प्रात्यक्षिक आहे का? प्रमाणपत्रासाठी शुल्क असेल, तर ते परीक्षेचे आहे की फक्त कागदाचे? 'आंतरराष्ट्रीय', 'शासनमान्य', 'आयएसओ' असे शब्द कागदावर छापलेले असले, तर मान्यता देणाऱ्या कार्यालयाचे नाव आणि क्रमांक मागावा. आयएसओ प्रमाणपत्र संस्थेच्या कार्यपद्धतीला मिळते; त्यावरून तिथल्या स्वयंसेवकाचे कौशल्य सिद्ध होत नाही.

आणि प्रमाणपत्र नसलेल्या जुन्या स्वयंसेवकांचे काय? युरोपीय संघाच्या परिषदेने डिसेंबर २०१२ मध्ये शाळा-महाविद्यालयाबाहेर, स्वयंसेवेतूनही, झालेल्या शिक्षणाला मान्यता देण्यासाठी चार पायऱ्या सुचवल्या: माणसाला काय येते ते ओळखणे, त्याची नोंद करणे, ते तपासणे आणि मग प्रमाणित करणे. भारतातही प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत 'आधीच्या शिक्षणाला मान्यता' हा भाग आहे. त्यात वर्ग पुन्हा न करता, येणाऱ्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे, अर्थात त्या कामासाठी राष्ट्रीय मानक तयार झालेले असेल तर. रुग्णसेवेसारख्या कामांत ती वाट खुली आहे. अंध विद्यार्थ्यांसाठी लेखनिक होणे किंवा वस्तीत अभ्यासिका चालवणे अशा कामांना मात्र असे मानक सहसा सापडत नाही.

चार पायऱ्यांपैकी पहिल्या दोन कोणतीही लहान संस्था उद्यापासून करू शकते, त्यासाठी सरकारच्या परवानगीची गरज नाही. स्वयंसेवकाला निरोप देताना 'यांनी आमच्याकडे मनोभावे सेवा केली' असे पत्र देण्याची पद्धत आहे. त्याऐवजी त्या पत्रात कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आठवड्याला किती तास, नेमके कोणते काम, त्यासाठी कोणते प्रशिक्षण, कुणाच्या देखरेखीखाली आणि पडताळणीसाठी कुणाला फोन करायचा, एवढे लिहिले तरी नोकरीच्या मुलाखतीत त्या पत्राला उत्तर देता येते. आशांना हे आधीपासून करावे लागते. प्रत्येक भेट तारखेनिशी रोजनिशीत आणि गावाच्या नोंदवहीत लिहिल्याशिवाय त्यांचा मोबदला निघत नाही.